खरबी तळाशीच असते

१ जानेवारी, सोमवार
आजपासून रोज डायरी. खंड नाही. मागच्या वर्षीची पहिल्याच आठवड्यात बंद पडली, पण तेव्हा पेन संपलं होतं. यंदा पेनांचं पाकीटच आणलंय.

परिस्थिती अशी. आराधना नाताळाला माहेरी, रेवदंड्याला गेली, ती अजून आलेली नाही. आज नव्या वर्षाच्या भक्तीला चर्चमध्ये ज्याने त्याने विचारलं, मिसेस कुठाय. सगळ्यांना सांगितलं, इकडं थंडी फार म्हणून थांबलीय. पाळकसाहेबांनी नुसतीच मान हलवली. त्यांना पटलं असावं.

दुपारी फोन केला. म्हणाली, अलिबागला एका दवाखान्यात स्टाफ नर्सची नोकरी धरलीय. कायमची का, असं विचारलं. म्हणाली, बघू. 'बघू' हा शब्द चांगला आहे. नाहीच यायचं असतं तर सरळ नाही म्हणाली असती. इंजेक्शन देतानासुद्धा ती 'दुखणार नाही' असं खोटं सांगत नाही.

निघताना एवढंच म्हणाली होती की मला तुमचा कंटाळा आलाय. 'तुमचा' म्हणजे सोनईचा, इथल्या पाण्याचा, धुळीचा, लोडशेडिंगचा. मी मनाला लावून घेतलं नाही.

संकल्प: आराधनाला परत आणणे. पोट कमी करणे.

३ जानेवारी, बुधवार
काल लिहायचं राहिलं. विचार चालू होता. तोही डायरीचाच भाग धरावा.

कारण सापडलं. मासे. ती समुद्रकाठची पोरगी. सासरे मूळचे इकडचेच, नेवाशाचे, पण बंदरावर नोकरी लागली आणि तिकडचेच झाले. लग्न झाल्यापासून मी दर रविवारी मुळा धरणाची चिलापी आणतो, मीठ-तिखट लावून स्वतः तळतो, आणि आराधना तिच्या ताटातला तुकडा उचलून माझ्या ताटात ठेवते. दर रविवारी. मला इतकी वर्षं वाटायचं, प्रेम. आता डोक्यात प्रकाश पडला. समुद्राच्या माशावर वाढलेल्या जिभेला धरणाचा चिखलकट मासा कसा गोड लागणार? बिचारीने तोंडातून शब्द काढला नाही कधी.

वाईट वाटलं. तिच्यासाठी काहीतरी मोठं केलं पाहिजे. किरकोळ काही करणं माझ्या स्वभावात नाही. इमू पाळले तेव्हा, मशरूम केलं तेव्हा, कॉम्प्युटर क्लास काढला तेव्हा, दर वेळी मी मोठाच विचार केला होता. कल्पना तिन्ही वेळा बरोबर होती. गाव कमी पडलं.

७ जानेवारी, रविवार
आजचा दिवस ऐतिहासिक. तारखेखाली रेघ मारून ठेवली आहे.

शेजारच्या वावरातला कानिफनाथ बांधावर आला होता. माणूस चांगला, पण व्हिजन नाही. आमच्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकला. म्हणाला, लई खारं हाय दानीभाऊ, म्हैसबी तोंड लावायची न्हाई. मी नेहमीप्रमाणे वाईट वाटून घेणार, तेवढ्यात ट्यूब पेटली.

समुद्राचं पाणी कसं? खारं. आमच्या विहिरीचं कसं? खारं.

आमच्या पट्ट्यात कालवा आला, ऊस आला, पाणी पाजून पाजून रानं खारवून चोपण झाली, विहिरी खाऱ्या झाल्या. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आराधनाचे केस गळतात. सगळं गाव रडतंय. अरे, समुद्र चालून सोनईला आलाय आणि तुम्ही जारचं पाणी विकत आणून पिताय!

तिला समुद्राचे मासे हवेत. मी तिच्यासाठी शेततळ्यात समुद्राचे मासे सोडणार. सकाळी दारात यायचं, हवे तेवढे काढायचे, कालवण करायचं. कोणती बाई येणार नाही?

कानिफनाथला सांगितलं. तो तंबाखू मळता मळता थांबला. म्हणाला, समुद्राचं खारं येगळं आसंल. मी म्हटलं, खारं ते खारं. त्यावर तो म्हैस पाजायचीय म्हणून निघून गेला.

११ जानेवारी, गुरुवार
मासा ठरला. सुरमई, पापलेट यांना जागा फार लागते. आपल्याला तळ्यापुरता मासा हवा. खरबी!

सासुरवाडीला पहिल्यांदा गेलो तेव्हा सासूबाईंनी खरबीचं कालवण केलं होतं. बोटाएवढा मासा, चिखलाचा रंग, अंगाच्या मानाने डोकं मोठं. मी तीनदा वाढून घेतलं. आराधना तेव्हा स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. नव्या नवरीची लाज.

मोबाईलवर दिवसभर अभ्यास केला. खरबी खाडीच्या तळाशी राहते. पोहायचा कंटाळा. पोटाखालचे दोन पंख एकमेकांना जुळून वाटीसारखे झालेले, त्यांनी दगडाला चिकटून बसायचं. नाहीतर बिळाच्या तोंडाशी बसून नुसतं बाहेर बघत राहायचं. जवळ काही हललं की सुळकन आत. रंग असा की डोळ्यांसमोर असली तरी दिसत नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मला हा मासा मनापासून आवडला. याला लोक आळशी म्हणत असतील.

१५ जानेवारी, सोमवार
काम सुरू. शेततळं आमचं दोघा भावांचं, माझं आणि थोरल्या जेम्सदादाचं. दादाने त्यात कालव्याचं गोडं पाणी भरून ठेवलं होतं, उन्हाळ्यात कांद्याला लागेल म्हणून. दादा आणि वहिनी श्रीरामपूरला लग्नाला गेलेत. मोटर लावली आणि गोडं पाणी ओढ्याला सोडून दिलं. आता विहिरीचं खारं भरतोय.

तळ्याला खाली प्लास्टिकचा कागद आहे. खरबीला चिखल हवा, म्हणून कागदावर घमेल्याने चिखल टाकला. थोडा टाकल्यावर कंबर धरली. बाकीचा कानिफनाथने टाकला. टाकताना दोन वेळा म्हणाला, जेम्सभाऊला इचारलंय ना. मी म्हटलं, सरप्राइज आहे.

१६ जानेवारी, मंगळवार
दादाला सरप्राइज मिळालं.

काठावर उभा राहून बराच वेळ पाणी बघत होता. ओंजळीत घेऊन चाखलं. मग मटकन खाली बसला. गोडं पाणी कुठं गेलं, असं विचारलं. ओढ्याला, म्हटलं. यंदा पाऊस न्हाई, कालव्याला पानी न्हाई, आन् तू, एवढंच म्हणाला आणि उठून गेला. अर्ध्या वाक्यावरून माणसाचं मत धरू नये.

संध्याकाळी वहिनींकडून रोजची भाकरी आली नाही. लग्नाच्या दगदगीत विसरल्या असतील. बिस्किटं खाल्ली.

२० जानेवारी, शनिवार. रेवदंडा ते सोनई, एसटीत
अक्षर हलतंय त्याला गाडी जबाबदार.

काल मुक्काम अलिबाग स्टँडजवळ केला. सकाळी खाडीवर गेलो. एका कोळीणबाईकडे टोपलीत खरब्या होत्या. जिवंत हव्यात म्हटल्यावर ती हसायला लागली. कालवणात घालायच्या त्या जित्या कशाला, म्हणाली. पाळायच्यात म्हटलं. कुठं? सोनईला. ते कुठं आलं? नगर जिल्ह्यात, म्हटलं. मग तिने शेजारणीला बोलावून मला परत सांगायला लावलं, आणि दोघी हसल्या. पण बाई मनाने चांगली. नवऱ्याला चिखलात पाठवून ताज्या धरून दिल्या, तेलाच्या कॅनमध्ये खाडीचं पाणी भरून दिलं. माहितीही दिली. मादी दगडाखाली अंडी चिकटवते आणि आपल्या वाटेने निघून जाते. नर मागे राहतो. अंड्यांपुढे बसून पंखाने वारा घालत बसतो, जेवतसुद्धा नाही धड.

मी म्हटलं, मावशी, माझंही तसंच चाललंय. तिला ते समजलं नाही.

मग सासुरवाडीला गेलो. आराधनाला भेटायचं, हाच मुख्य कार्यक्रम होता. सासरे ओट्यावरच होते. सलाम झाला. आराधना ड्यूटीवर गेलीय, चार वाजता येईल, तोवर बसा, जेवा, म्हणाले. तुमचं दोघांचं बोलणं व्हायला पाहिजे, असं त्यांनी दोन वेळा म्हटलं. बसलोही असतो. पण कॅनमधल्या खरब्या वर येऊन तोंडं उघडायला लागल्या होत्या आणि पुण्याची गाडी निघायच्या बेतात होती. सासऱ्यांना म्हटलं, हे सगळं तिच्यासाठीच चाललंय, तिला सांगा, सोनईला समुद्र येतोय. सासरे कॅनकडे बघत राहिले. उन्हाने त्यांच्या डोळ्यांना पाणी येत होतं.

आत्ता पुणं सोडलं. कंडक्टर म्हणतो, कॅन मागे न्या, वास येतोय. हा समुद्राचा वास आहे, असं सांगितलं. त्याने मलाही मागे पाठवलं.

२१ जानेवारी, रविवार
खरब्या तळ्यात सोडल्या!

काही प्रवासाने दमल्या होत्या. त्या पांढरं पोट वर करून पाण्यावर पडून राहिल्या. ऊन घेत असाव्यात. दुपारी कावळ्यांनी त्यांच्यावर अन्याय केला. बाकीच्या मात्र सरळ तळाला गेल्या. पुन्हा एकही दिसली नाही. अगदी अभ्यासाप्रमाणे.

आराधनाला तळ्याचा फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला. नेहमीचा पिवळा नाही, सावळा अंगठा. म्हणजे मुद्दाम निवडून पाठवला.

५ फेब्रुवारी, सोमवार
मधले दिवस निरीक्षणात गेले. सकाळ-संध्याकाळ काठावर बसतो. एकही खरबी दिसत नाही. प्रगती उत्तम. दिसली असती तर मला काळजी वाटली असती.

शेंगदाण्याची पेंड टाकतो. पेंड तशीच राहते, फुगते, तिला बुरशी येते. म्हणजे खालीच पोटभर मिळतंय.

अंडी घालायला आडोसा हवा म्हणून दादाच्या गोठ्याची एका बाजूची कौलं काढून तळ्यात सोडली. दादा माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे परवानगीचा प्रश्न आला नाही.

कानिफनाथ म्हणाला, ओढ्याच्या डबक्यावर बगळे बसत्यात, तुमच्या तळ्यावर एकबी न्हाई. मी म्हटलं, बगळ्याला खरबी दिसतच नाही, हीच तर खरबीची कमाल. तो हो म्हणाला. असं हळूहळू लोकशिक्षण होतं.

१४ फेब्रुवारी, बुधवार
लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू. पोट कमी करायला योग्य काळ. वहिनींची भाकरी बंद असल्यामुळे तयारी आधीच झाली आहे.

आज आराधनाला मोठा व्हॉइस मेसेज पाठवला. खरबीच्या सवयी सविस्तर सांगितल्या. नर कसा घर सांभाळतो, वारा घालतो, तहानभूक विसरतो. मादी कशी निघून जाते. कुठेही टोमणा येऊ दिला नाही.

संध्याकाळी उत्तर आलं. किती दिवसांनी पूर्ण वाक्य! विचारलं होतं, "मग मादी कुठं जाते?"

तिला विषयात रस आला! लगेच मोबाईल घेऊन बसलो. फारशी माहिती नाही. सगळे अभ्यासक नराकडेच बघत बसलेत. शेवटी अंदाजाने लिहिलं, ती आपली आपली राहते, चरते, तब्येत सुधारते, तिला कुणी विचारत नाही.

तिचं उत्तर, "बरं आहे तिचं."

संवाद वाढतोय.

२ मार्च, शनिवार
मधले दिवस अंगदुखी.

काल राहुरीला पाणी तपासायला दिलं होतं, आज रिपोर्ट घ्यायला गेलो. तिथल्या ज्योती मॅडमनी विचारलं, पाणी कशासाठी, ऊस की डाळिंब. मी म्हटलं, खरबी. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग समजावून सांगितलं की समुद्र मिठाने खारा, तुमची विहीर सोड्याने खारी, दोन्हीला आपण खारंच म्हणतो पण समुद्रातला मासा या पाण्यात तग धरणार नाही. कधी सोडणार आहात, असं विचारलं. जानेवारीत सोडले, म्हटलं. त्यांनी शिपायाला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला.

कुठल्याही ऑफिसात मला आजवर कुणी चहा पाजला नव्हता. संशोधनाची दखल घेतली जातेय.

मुद्दा मात्र बरोबर होता. मीठ कमी पडतंय. येताना खडे मिठाची पोती आणून तळ्यात ओतली. खरब्यांच्या दृष्टीने आज घरी आल्यासारखं झालं असेल.

२४ मार्च, रविवार
झावळ्यांचा रविवार. भक्तीत पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाची प्रार्थनेची विनंती आहे का. मी उठून म्हटलं, तळ्यातल्या जिवांसाठी. त्यांनी डोळे मिटले आणि दानीएलच्या मोडत चाललेल्या घरासाठी बराच वेळ प्रार्थना केली. कानाला जरा कमी ऐकू येतं त्यांना हल्ली.

मागे वहिनी हुंदका देत होत्या. बाहेर पडताना त्यांनी पिशवीतून ठेचा लावलेली भाकरी काढून हातात दिली आणि गेल्या. भाकरी अजून गरम होती. घरी येऊन उभ्याउभ्याच खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं. ठेच्यात मिरची फार होती.

३१ मार्च, रविवार
ईस्टर. येशू उठला आहे, आणि माझंही नशीब उठलं आहे!

आराधनाचा फोन. आपण होऊन! मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी येते म्हणाली. मी मुक्कामाला ना, असं विचारलं. ती म्हणाली, टेम्पो ठरवलाय.

टेम्पो! म्हणजे तिकडचं सगळं सामान बांधून कायमचीच येतेय. चार महिन्यांत माणूस किती सामान जमवतो. ती पुढेही काही सांगत होती, तुम्ही ऐकताय का, असंही म्हणाली, पण मी तोवर तळ्याकडे पळालो होतो. खरब्यांना मोठ्याने सांगितलं. तळाशी नक्की हालचाल झाली.

८ एप्रिल, सोमवार
पाहुणचाराला किती मासे निघतील याचा अंदाज घेतला. कानिफनाथच्या मेव्हण्याचं जाळं आणून टाकलं. पहिल्या खेपेला कौल. दुसऱ्या खेपेला माझीच हरवलेली चप्पल. तिसऱ्या खेपेला पुन्हा कौल. फार हुशार मासा.

मग आठवलं, खरबी बिळात असते. पहार घेतली, गुडघाभर पाण्यात उतरलो आणि तळाशी टोचत गेलो. पहार चिखलातून जाते, किंचित अडते आणि मग एकदम फस्सकन आत जाते. बीळ! दोन हातांवर आणखी एक. मग आणखी. सगळा तळ टोचून काढला, जिकडेतिकडे बिळंच बिळं! खाली अख्खं गाव वसलंय.

आज इतक्या दिवसांनी शांत वाटलं.

१५ एप्रिल, सोमवार
पाणी झपाट्याने उतरतंय. यंदाचं ऊन भयंकर. विहीरही तळाला गेली, त्यामुळे वरून भरता येत नाही. एका दृष्टीने बरंच आहे. पाणी आटलं की खारेपणा वाढतो, म्हणजे समुद्र आणखी जवळ येतो.

गंमत म्हणजे खालच्या बाजूला दादाच्या कांद्याच्या कडेची माती ओली झालीय आणि तिथले कांदे पिवळे पडलेत. दादा तिथं उकिडवा बसून होता. मी हाक मारली. त्याने वर बघितलं नाही.

२२ एप्रिल, सोमवार
तळ्यात आता नुसता चिखल. वर मिठाचा थर. कौलं उघडी पडलीत.

कानिफनाथ आला. कौलं एकेक उलटी करून बघितली. हाताने चिखल चाळला. मग हात धोतराला पुसत माझ्याकडे न बघता म्हणाला, "दानीभाऊ, हितं काय बी न्हाई. जानेवारीपासनंच न्हाई. तुमी उगं बसू नका हितं उन्हात."

मला संताप आला. त्याला नको नको ते बोललो. तुझ्या म्हशीला जेवढी अक्कल तेवढीही तुला नाही, असंही म्हणालो. तो ऐकून घेत होता, त्याचा जास्त राग आला. गेला शेवटी.

संध्याकाळी कुणाशी तरी बोलावंसं वाटलं. दादा बोलत नाही. कानिफनाथ येणार नाही. आराधनाला फोन लावला, उचलला नाही. ड्यूटी असेल. फार एकटं वाटतंय. लिहून ठेवतो, म्हणजे ती आल्यावर हसता येईल.

२ मे, गुरुवार
तयारी. घर झाडलं. पुढच्या भिंतीला चुना मारला, मागची बाजू ती आल्यावर दोघं मिळून मारू. पोट कमी झालंय, पँट दोरीने बांधतो. एक संकल्प पूर्ण.

तळं वाळून भेगाळलं. फावड्याने सगळीकडे उकरून बघितलं. खरबी हाती लागली नाही. मात्र खाली कागदाला भोकं दिसली, पुष्कळ, साधारण पहारीच्या जाडीची. बराच वेळ त्यांच्याकडे बघत होतो. खरबीचे दात एवढे तीक्ष्ण असतील असं कुठं वाचलं नव्हतं.

पण पाहुणचार तर व्हायलाच हवा. उद्या राहुरीच्या बाजारातून धरणाचेच बारीक मासे आणणार. लहान असले की सगळे मासे सारखेच दिसतात. तिला सांगायचं, आपल्या तळ्यातल्या खरब्या. एवढं प्रेमाने केल्यावर कोण बारकाईने बघतं?

४ मे, शनिवार
आली. मग गेली.

टेम्पो दहाच्या सुमारास आला. रिकामा. पुढच्या सीटवर ती आणि सासरे. मी म्हटलं, सामान मागून येतंय का. तिने आत जाऊन लोखंडी कपाट उघडलं आणि कपडे बाहेर काढायला लागली. शिलाई मशीन, सर्टिफिकेटांची फाइल, तिच्या आईने दिलेली पातेली. सासरे एकेक वस्तू टेम्पोत नेऊन ठेवत होते. माझ्याकडे बघायचं टाळत होते. मशीन जड होतं, मी दुसरी बाजू धरली. हे मी का केलं कळत नाही. त्यांची पाठ दुखते.

मग म्हटलं, आधी जेवा. ताट वाढलं. कालवण झक्क झालं होतं. म्हटलं, बघ, आपल्या तळ्यातली खरबी. तुझ्यासाठी समुद्र आणला इथपर्यंत. ती ताटाकडे बघत राहिली. मला वाटलं, ती हसणार.

ती म्हणाली, "अहो, मी मासे खात नाही. लहानपणापासून नाही. खाल्ले की अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. लग्नाआधी तुम्हाला सांगितलं होतं. लग्नानंतरही सांगितलं. मग सांगायचं सोडून दिलं."

मी म्हटलं, मग दर रविवारी तू ताटातला तुकडा मला द्यायचीस तो. म्हणाली, खायचा नव्हता म्हणून द्यायचे. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. दवाखान्यात पेशंटला सांगतात तसं सांगितलं आणि हात धुतले, खरं तर जेवणाला हात लावलाच नव्हता.

मी विचारलं, मग तू मासे नाहीत म्हणून गेली नव्हतीस? तिने माझ्याकडे नीट बघितलं. वाळलाय फार, खात जा वेळेवर, असं म्हणाली. डोळे भरले होते तिचे. वहिनींना भेटायला पलीकडे गेली. तिथं दोघींचं रडणं ऐकू येत होतं. मी इकडे ताट झाकून बसलो. जावं की नाही ते ठरवेपर्यंत टेम्पो सुरू झाला.

सासरे खिडकीतून सलाम म्हणाले. मीही म्हणालो.

५ मे, रविवार
भक्तीला गेलो नाही.

शांतपणे विचार केला. खचून जायचं कारण नाही. मासे हा तपशील चुकला. पद्धत बरोबर होती. तिला जे आवडतं ते इथं आणून ठेवायचं, की ती येणार. या वेळी अंदाज नको, पक्की माहिती घेऊन कामाला लागायचं. आधी तिला काय काय आवडतं ते लिहून काढतो.

चहा.

नाही. चहा मला लागतो. ती काय घ्यायची, आठवत नाही.